चाल कुणाची?

दोन पेंग्विन आहेत आणि मधे भिंत आहे. डाव्या पेंग्विनने डावीकडे पाऊल टाकले की उजवा उजवीकडे सरकतो. एकाची चाल ही दुसऱ्याची आरशातली चाल. वाटेत कोळी आणि त्यांची जाळी. या सगळ्यातून वाट काढत दोघांनी वरच्या बदामापाशी दोन बाजूंनी एकाच वेळी पोचायचे, की डाव जिंकला. ‘बायनरी लँड’ हा खेळ जपानच्या हडसन सॉफ्ट कंपनीने १९८५ साली निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्रावर आणला. आपल्याकडे तो पोचला नव्वदच्या दशकात, नक्कल केलेल्या स्वस्त यंत्रांबरोबर. लेबलावर हजारो खेळांचा आकडा छापलेल्या आणि आत तेच ते मोजके खेळ फिरून फिरून येणाऱ्या कॅसेटी ज्यांनी यंत्रात खुपसल्या आहेत, त्यांना हे पेंग्विन आठवतील. त्याहून पक्की आठवेल ती मागे घोळणारी तीन मात्रांची लाडिक धून.

ती धून एरिक साती या फ्रेंच संगीतकाराची आहे. साती १८६६ साली जन्मला, १९२५ साली गेला. पॅरिसच्या माँमार्त्र भागातल्या कॅबरेंमध्ये पियानो वाजवून तो पोट भरत असे. त्या दिवसांत त्याने पॉलेट दार्ती या गायिकेसाठी वॉल्ट्झच्या लयीत एक गाणे रचले, ‘ज त व्हो’. ते १९०३ साली छापले गेले. गाणे प्रेमाचे आहे, मीलनाच्या ओढीचे आहे. ताटातूट झालेल्या दोन जिवांच्या खेळाला हेच गाणे द्यावे असे जपानमध्ये ज्या कुणाला सुचले, त्याने ते विचार करून दिले असणार. सोलापूर जिल्ह्यातल्या मुलांनी मात्र हे गाणे ‘पेंग्विनचे म्युझिक’ म्हणूनच ऐकले, तोंडपाठ केले आणि मोठेपणी कधीतरी दुसरीकडे अचानक कानावर पडल्यावर ती दचकली.

व्हिडिओ गेममध्ये वाजणारे अभिजात संगीत कसे ओळखावे, हा या पुस्तिकेचा विषय आहे. खेळाचे नाव, साल, ते संगीत खेळात नेमके कुठे येते, मूळ रचना कोणती, कुणाची, कोणत्या संग्रहातली, आणि ही ओळख कशावरून पटवली, अशा नोंदी पुढच्या पानांत आहेत. वाचक दोन प्रकारचे असतील असे धरून चाललो आहे. एक, खेळ खेळलेले पण संगीत न शिकलेले. दुसरे, संगीत शिकलेले पण खेळाकडे पोरखेळ म्हणून पाहणारे. दोघांनाही हा विषय सारखाच आपला वाटावा, अशी इच्छा आहे.

विषय होटगीसारख्या गावातून का मांडावासा वाटला, तेही सांगायला हवे. दक्षिण सोलापूर तालुक्यातले हे गाव रेल्वेच्या नकाशावर ठळक आहे, कारण इथे मुंबई–चेन्नई मुख्य मार्गाला विजापूर–गदगचा फाटा फुटतो. हा फाटा १८८४ साली सदर्न मराठा रेल्वेने सुरू केला. मुख्य मार्ग ब्रॉडगेज आणि फाटा मीटरगेज, अशी शंभर वर्षांहून अधिक काळ स्थिती होती. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात फाट्याचेही रूळ रुंद झाले. गदगकडून येणाऱ्या याच वाटेवर आपल्या संगीताचा मोठा पट्टा पसरलेला आहे. भीमसेन जोशी गदगजवळच्या रोणचे. १९३३ साली, वयाच्या अकराव्या वर्षी, ते गुरूच्या शोधात घर सोडून निघाले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या ‘पिया बिन नाही आवत चैन’ या ठुमरीच्या रेकॉर्डने त्यांच्या मनाचा ताबा घेतला होता, हे त्यांनी स्वतः पुढे अनेकदा सांगितले. आपण कुणाचा आवाज ऐकतो आहोत हे त्या मुलाला ठाऊक होते. रेकॉर्डच्या लेबलावर नाव होते. नाव कळले म्हणून माग काढता आला, आणि तो माग पुढे खाँसाहेबांचे शिष्य सवाई गंधर्व यांच्या दारापर्यंत, कुंदगोळला, पोचला.

आवाजाबरोबर नाव चालत यावे ही आपल्याकडची जुनी रीत आहे. बंदिशीत रचनाकार स्वतःची मुद्रा गुंफतो. सदारंग म्हटले की नियामत खाँ, प्रेमपिया म्हटले की फैयाज खाँ. गायक बदलले, घराणी बदलली, तरी नाव शब्दांच्या आत सुरक्षित राहते. ग्रामोफोन आला तेव्हाही हे सुटले नाही. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्याला गौहर जानने ध्वनिमुद्रण केले. ती गाणे संपताच इंग्रजीत स्वतःचे नाव पुकारत असे, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि कोणत्या तबकडीवर कुणाचे नाव घालायचे हे तिथल्या कामगारांना कळायला हवे होते.

आणि मराठी माणसाने तर या बाबतीत फार सुंदर सवय लावून घेतली होती. जुन्या संगीत नाटकाचे पुस्तक उघडून पाहा. पदाच्या डोक्यावर कंसात ‘चाल’ असे लिहून पुढे मूळ गाण्याचा पहिला तुकडा दिलेला असतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘शाकुंतल’ १८८० चे, ‘सौभद्र’ १८८२ चे. अण्णासाहेब बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. त्यांच्या कानावर कानडी पदेही होती, साक्या-दिंड्याही होत्या, आणि त्या सगळ्या चाली त्यांनी मोकळेपणाने घेतल्या. घेतल्या तर घेतल्या म्हणून सांगितल्या. पुढे १९११ साली ‘मानापमान’साठी गोविंदराव टेंब्यांनी ठुमऱ्या आणि गझलांच्या वळणाच्या चाली बांधल्या, १९१६ साली भास्करबुवा बखल्यांनी ‘स्वयंवर’ रागदारीने नटवले; तेव्हाही ही पदे कोणत्या चिजेवरून बांधली याची चर्चा जाणकार श्रोते करीतच. उसनवारी लपवायची नसते, मिरवायची असते, हा त्या एका ओळीतला संस्कार आहे.

व्हिडिओ गेमने ही ओळ लिहिली नाही. सातीचे गाणे आले, पण डोक्यावर ‘चाल’ आली नाही. नावाविना आलेले हे पहिलेच संगीत असावे जे आपल्या दोन पिढ्यांनी इतक्या वेळा ऐकले. ती राहून गेलेली ओळ लिहिणे एवढेच या पुस्तिकेचे काम आहे.

हे संगीत ओळखायला अवघड का जाते, हे समजून घेण्यासाठी यंत्राच्या आत डोकवावे लागते. फॅमिकॉमच्या ध्वनिचिपमध्ये पाच वाटा होत्या. दोन चौकोनी लहरींच्या, ज्यांवर चाल आणि तिची जोड वाजे. एक त्रिकोणी लहरीची, जिच्यावर खर्ज. एक नुसत्या खरखरीची, जिच्यातून ढोल-झांजेचा भास निर्माण करायचा. आणि पाचवी छोटे ध्वनिमुद्रित तुकडे वाजवण्यासाठी. त्यातलीही एखादी वाट उडीच्या, गोळीच्या, नाणे मिळाल्याच्या आवाजासाठी अधूनमधून काढून घेतली जाई. साठ-सत्तर वादकांच्या वाद्यवृंदासाठी लिहिलेली रचना या तीन-चार वाटांत बसवायची. होटगीला पूर्वी ब्रॉडगेजच्या वाघिणीतला माल मीटरगेजच्या डब्यात चढवताना जे होत असेल तेच इथे होते: माल तोच, पण रचण्याची पद्धत बदलते आणि काही पोती फलाटावर राहतात. सहा स्वरांचा भरलेला मेळ एकत्र वाजवता येत नाही, म्हणून ते स्वर एकामागून एक झरझर फिरवतात आणि कानाला मेळ असल्यासारखे वाटते. जुन्या खेळांच्या संगीतातली ती ओळखीची थरथर याच तडजोडीतून आली आहे. ती मला फार आवडते. अपुऱ्या साधनांतून काम करणाऱ्याची बुद्धी तिच्यात दिसते.

गाळणी इतकी बारीक असूनही काय टिकते? चाल टिकते आणि लय टिकते. ओळखण्याची सगळी मदार या दोन गोष्टींवर.

यासाठी लोकांनी पूर्वी केलेले कष्ट आदर वाटावा असे आहेत. १९४८ साली हॅरॉल्ड बार्लो आणि सॅम मॉर्गनस्टर्न या दोघा अमेरिकनांनी वाद्यसंगीतातल्या सुमारे दहा हजार मुखड्यांचा कोश काढला. प्रत्येक मुखडा त्यांनी एकाच पट्टीत, म्हणजे त्यांच्या ‘सी’ स्वरात, उतरवला आणि स्वरांच्या अक्षरांनुसार अकारविल्हे लावला. शब्दकोशात शब्द शोधावा तशी चाल शोधायची. भातखंडे यांची क्रमिक पुस्तके चाळलेल्या माणसाला ही युक्ती परकी वाटणार नाही. गवई काळी दोनमध्ये गावो की पांढरी चारमध्ये, लिहिताना सा तो सा. पंडित विष्णु नारायण भातखंड्यांनी उस्तादांच्या दारोदार फिरून बंदिशी गोळा केल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि मराठीतून छापल्या. त्यामागचा व्यवहारही तोच होता, की एकाने ऐकलेले दुसऱ्याला हुडकता यावे.

ज्याला स्वर ओळखता येत नाहीत त्याच्यासाठी डेनिस पार्सन्स या इंग्रज गृहस्थाने १९७५ साली आणखी सोपी वाट काढली. पुढचा स्वर आधीच्याहून वर गेला, खाली आला की तिथेच राहिला, एवढेच लिहायचे. बेथोवनची ‘फ्युर एलिझ’ घ्या, बहुतेकांच्या कानावरून गेलेली असते. पहिल्या स्वरानंतर ती खाली, वर, खाली, वर, खाली, वर, खाली, खाली अशी जाते. एवढ्या आठ खुणांनीही हजारो रचनांतून मोजक्याच उरतात; पंधरा-सोळा खुणा झाल्या की बहुधा एकच. आपल्या पद्धतीने पाहिले तर तिच्या सुरुवातीला पंचम आणि तीव्र मध्यम यांचा लपंडाव आहे, आणि पुढे कोमल गंधारावरून षड्जावर विसावणे आहे. हार्मोनियमवर ज्याचा थोडा हात फिरतो त्याला हे पाच मिनिटांत सापडते. संगीत शिकलेल्या वाचकाने म्हणूनच मागे राहू नये. सरगम लिहिता येणे ही या कामातली फार मोठी शिदोरी आहे.

आज फोन आहे, आणि बरेच जण आधी त्याच्याकडेच वळतात. त्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही ध्यानात घ्याव्यात. शझाम ही सेवा ब्रिटनमध्ये २००२ साली सुरू झाली तेव्हा २५८० हा क्रमांक फिरवून फोन लाउडस्पीकरसमोर धरावा लागे. ती आवाजातल्या सर्वांत ठळक बिंदूंचा नकाशा बनवते आणि साठवलेल्या नकाशांशी ताडून पाहते. म्हणजे ती चाल ओळखत नाही. विशिष्ट ध्वनिमुद्रण ओळखते. बर्लिनच्या वाद्यवृंदाने वाजवलेला चायकोव्हस्की ती क्षणात सांगेल, पण तोच चायकोव्हस्की खेळाच्या चिपवर वाजला आणि ते मुद्रण तिच्या साठ्यात नसेल, तर ती गप्प बसेल. गुगलने २०२० च्या ऑक्टोबरात गुणगुणून शोधण्याची सोय आणली. ती आवाजाचा पोत बाजूला सारून चढउतारांची रेषा काढते, म्हणजे पार्सन्सच्याच वाटेने पुढे जाते. खेळातल्या संगीतासाठी हीच अधिक उपयोगी. फक्त खेळाचा आवाज तिला ऐकवू नये, स्वतः गुणगुणावे. कानाने आधी गाळून घेतलेली चाल यंत्राला लवकर कळते.

याहून पक्का मार्ग म्हणजे खेळातले संगीत वेगळे काढून ऐकणे. फॅमिकॉमच्या खेळांचे संगीत ‘एनएसएफ’ नावाच्या फाइलींत जपलेले आहे आणि त्या वाजवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चिपची एकेक वाट बंद करता येते. खरखर बंद करा, खर्ज बंद करा, फक्त वरची चाल ठेवा. मग कागदावर उतरवा. घाई करणाऱ्यांना हा खटाटोप वाटेल. पण ओळख एकदा अशी पटली की ती पुन्हा तपासावी लागत नाही.

ओळख म्हणजे नुसते संगीतकाराचे नाव नव्हे, यावर मी या पुस्तिकेत हट्ट धरला आहे. गेमबॉय या हातात धरायच्या यंत्रावरचा ‘टेट्रिस’ १९८९ चा. त्यात संगीताचे तीन पर्याय येतात. तिसरा पर्याय ‘बाखचा’ म्हणून सोडून देता आला असता. पण बाखच्या नावावर हजाराहून अधिक रचना आहेत, आणि आपल्या बंदिशीसारखी मुद्रा त्यांच्यात नसते. मग क्रमांक हाच आधार. वोल्फगांग श्मीडरने १९५० साली बाखच्या रचनांची सूची केली आणि प्रत्येकीला ‘बीडब्ल्यूव्ही’ क्रमांक दिला. टेट्रिसमधली ती चाल बीडब्ल्यूव्ही ८१४, म्हणजे बी मायनरमधल्या तिसऱ्या फ्रेंच स्वीटमधले मेन्युएट. हे लिहिले की वाचक मूळ रचनेपर्यंत थेट जाऊ शकतो, पियानोवर किंवा हार्प्सिकॉर्डवर ती ऐकू शकतो आणि चिपवर काय राहिले, काय गेले ते स्वतः पाहू शकतो.

त्याच खेळाचा पहिला पर्याय, जो जगभर ‘टेट्रिसचे गाणे’ म्हणून प्रसिद्ध आहे, तो अभिजात संगीताच्या नोंदीत घेतलेला नाही. ‘कोरोबेइनिकी’ हे रशियन लोकगीत आहे; त्याचे शब्द नेक्रासोव्ह या कवीच्या १८६१ सालच्या फेरीवाल्यांवरच्या काव्यातले. ‘सर्कस चार्ली’मध्ये सिंहावर बसून आगीच्या कड्यांतून उड्या मारताना वाजते ते ‘अमेरिकन पेट्रोल’, फ्रँक मीचमने १८८५ साली केलेले कूच-संगीत. दोन्ही उत्तम, दोन्ही जुनी, पण त्यांना अभिजात म्हणणे चुकीचे. त्यांच्यासाठी परिशिष्ट आहे. निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावरच्या टेट्रिसमध्ये मात्र चायकोव्हस्कीच्या १८९२ सालच्या ‘नटक्रॅकर’ बॅलेतले शुगर प्लम परीचे नृत्य आहे, आणि ते नोंदीत आहे. मूळ रचनेत ते सेलेस्टा नावाच्या, घंटांसारख्या किणकिणणाऱ्या वाद्यावर वाजते. चिपच्या चौकोनी लहरीला ती किणकिण जमत नाही. पण स्वर तुटक, छोटे ठेवून तिचा आभास आणला आहे. तो ऐकण्यासारखा आहे.

सगळ्या नोंदींत माझी सर्वांत लाडकी कोनामी कंपनीच्या ‘अंटार्क्टिक ॲडव्हेंचर’ची. १९८३ चा खेळ, फॅमिकॉमवर १९८५ मध्ये आला. इथेही पेंग्विनच. तो बर्फावरून पळत सुटतो, भेगा ओलांडतो, मासे टिपतो, घड्याळ संपायच्या आत एकेका देशाच्या संशोधन केंद्रावर पोचतो आणि तिथे झेंडा वर चढतो. मागे वाजत असतो एमिल वाल्डटॉयफेलचा १८८२ सालचा वॉल्ट्झ, ‘ले पातिनर’, म्हणजे बर्फावर घसरत नाचणाऱ्यांचे संगीत. वाल्डटॉयफेल तिसऱ्या नेपोलियनच्या दरबारी नृत्यांचा वाद्यवृंद चालवणारा माणूस. पॅरिसच्या गारठ्यात हौसेने बर्फावर फिरणाऱ्या मंडळींसाठी त्याने जे लिहिले, ते शंभर वर्षांनी जपानमधून एका पेंग्विनच्या पायाला बांधले गेले, आणि तिथून उन्हाळ्यात पारा चाळीस-बेचाळीसवर चढणाऱ्या सोलापूरच्या मुलांपर्यंत आले. बर्फ कधी न पाहिलेल्या मुलांना त्या लयीने बर्फाची घसरण अंगात भिनवली. संगीताने आपले काम चोख केले होते. निर्मात्याचे नाव तेवढे पोचले नाही.

नाव लिहिताना सावध राहावे लागते. नवशिक्यांच्या पियानो-पुस्तकांतले प्रसिद्ध ‘जी मेजर मेन्युएट’ पिढ्यान्‌पिढ्या बाखचे समजले जात असे. बाखच्या पत्नीच्या, आना माग्डालेनाच्या, १७२५ सालच्या वहीत ते उतरवलेले होते एवढाच त्याला आधार. ते ख्रिस्तियान पेट्झोल्ड या दुसऱ्याच संगीतकाराचे असल्याचे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सिद्ध झाले. ‘अल्बिनोनीचा अडाजिओ’ म्हणून जे कारुण्यमय संगीत गाजते, ते रेमो जाझोट्टो या विसाव्या शतकातल्या अभ्यासकाने १९५८ साली प्रसिद्ध केले. कोनामीच्या १९८३ सालच्या ‘गायरस’ या अंतराळ-खेळात वाजणारी डी मायनर टोकाटा, बीडब्ल्यूव्ही ५६५, खुद्द बाखची आहे की नाही यावर विद्वानांत अजून वाद आहे. बाखच्या हस्ताक्षरातली प्रत उपलब्ध नाही. अशा ठिकाणी नोंदीत ‘बाखच्या नावावरची’ असे शब्द वापरले आहेत. एकाने चुकीचे लिहिले की शंभर जण तेच उतरवतात. छापील पुस्तिकेने तरी त्यात भर घालू नये.

पुढच्या काळात खेळांनी या संगीताशी अधिक धीटपणे व्यवहार केला. कॅपकॉमच्या १९९६ सालच्या ‘रेसिडेंट ईव्हिल’मध्ये ओसाड वाड्यात पियानो आहे, त्यावर बेथोवनची ‘मूनलाइट सोनाटा’ वाजवली की भिंतीतली गुप्त वाट उघडते. संगीत ही तिथे किल्लीच आहे. २००७ च्या ‘पेगल’मध्ये शेवटचा नारिंगी खुंटा चेंडूने टिपला की बेथोवनच्या नवव्या सिंफनीतला आनंदगीताचा भाग घुमतो, साध्या खेळाला एवढा भव्य शेवट देण्याची कल्पना मला धाडसाची वाटते. आणि २०१९ च्या ‘अनटायटल्ड गूस गेम’ने तर ओळखण्याचे गणितच बदलले. ऑस्ट्रेलियातल्या या खेळात एक हंस गावकऱ्यांना सळो की पळो करून सोडतो. संगीतकार डॅन गोल्डिंग याने त्यासाठी देब्युसी या फ्रेंच संगीतकाराची पियानोवरची प्रेल्यूड घेतली, त्यांचे दोन-दोन मात्रांचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा जोरकस व हळुवार अशा दोन तऱ्हांनी तयार ठेवला. हंस काय करतो त्यावर पुढचा तुकडा ठरतो. तो शांत असला तर संगीतही थांबते. म्हणजे एकाच प्रेल्यूडची प्रत्येक खेळणाऱ्यासाठी वेगळी मांडणी. इथे चालीची लांब रेषा हाती लागत नाही. स्वरांच्या मेळाचा रंग ओळखावा लागतो. समेवर यायच्या आधीच थांबलेली चीज ओळखण्याची सवय ज्याला आहे, त्याला हे जमेल.

आता आपल्या संगीताबद्दल. भारतीय विषयांवरचे खेळ वाढत आहेत आणि महाराष्ट्रातही बनत आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली काढलेला ‘राजी’ हा पुराणकथांवर उभा राहिलेला खेळ जगभर खेळला गेला. त्याचे संगीत लिनोस त्झेलोस या ग्रीक संगीतकाराचे आहे आणि त्यात भारतीय वाद्यांचा साज आहे. अशा खेळांत सतार किंवा बासरी वाजली की ‘हा कोणता राग?’ असा प्रश्न लगेच येतो. ‘यमन’ असे उत्तर मिळाले तरी ते अर्धेच असते. राग ही रचना नव्हे. ताल कोणता, बंदिश किंवा गत कुणाची, वादक कोण, मुद्रण कधीचे, हे कळले तरच ओळख पुरी. बऱ्याचदा तर रचनाच नसते. सतारीचे सुटे स्वर मुद्रित करून विकले जातात आणि परदेशातला संगीतकार ते की-बोर्डवर वाजवून स्वतःची धून बनवतो. तिला ओढूनताणून राग चिकटवू नये. ‘मूळ रचना नाही, वाद्याचा पोत तेवढा आपला’ असे लिहिणे हीही ओळखच आहे, आणि या पुस्तिकेत काही ठिकाणी तसे लिहिले आहे.

खेळवाले जुन्या रचना का घेतात, याचे एक व्यवहारी कारण आहे. भारतात संगीतकाराच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी रचनेवरचा हक्क संपतो. अनेक देशांत ही मुदत सत्तर वर्षांची आहे. बाख, बेथोवन, चायकोव्हस्की कुणालाही, कसेही, फुकट वापरता येतात. ध्वनिमुद्रणाचा हक्क मात्र वेगळा. बेथोवन मोकळा असला तरी गेल्या वर्षी कुणी वाजवलेला बेथोवन मोकळा नसतो. म्हणून छोट्या कंपन्या स्वतः वाजवून घेतात किंवा पूर्वी चिपवर बसवून घेत. कायद्याने पैसे द्यायचे नाहीत म्हणून नावही द्यायचे नाही, असे कायदा कुठे सांगत नाही. किर्लोस्करांना कुणी सक्ती केली नव्हती. त्यांनी चाल लिहिली.

सुरुवातीला सांगितली तशी ‘हजारो खेळांची’ कॅसेट आज कुणाकडे चालू स्थितीत असेल तर ती मोलाची आहे. या नक्कल कॅसेटींत खेळांची नावे बदललेली असत, पहिला पडदा कापलेला असे, कधी कंपनीचे नावच पुसलेले असे. त्यामुळे आपल्या भागात नेमके कोणते खेळ, कोणत्या रूपात खेळले गेले, याची नोंद सहसा सापडत नाही. कपाटाच्या तळाशी, माळ्यावरच्या पेटीत असे काही सापडले तर टाकून देऊ नका. चालू होत असेल तर चालवा, पडद्याचे छायाचित्र घ्या, संगीत मुद्रित करा, ते कुणी विकत आणले आणि अंदाजे कधी, हे घरातल्या मोठ्यांना विचारून लिहून ठेवा.

या पुस्तिकेत चुका सापडल्या, एखादी ओळख राहून गेलेली दिसली, तर कळवताना तीन गोष्टी अवश्य द्याव्यात: संगीत खेळात कुठे वाजते, मूळ रचनेचे पूर्ण नाव व क्रमांक, आणि ही ओळख कशावरून पटली. जे आज पुण्या-मुंबईत किंवा सोलापुरात बसून खेळ बनवत आहेत त्यांना एक विनंती. तुमच्या खेळाच्या अखेरीस नावांची यादी धावते, तिच्यात एका ओळीची जागा ठेवा आणि तिथे चाल कुणाची ते लिहा.